विश्लेषण : जिवंत पेशींची कुपी डोळ्यात चालली, मधुमेहात का अडली?

मार्च २०२५ च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, एका वेगळ्याच उपचाराला मान्यता दिली. डोळ्यात बसवायची जेमतेम सहा मिलिमीटर लांबीची कुपी आणि तिच्या आत औषधाऐवजी, औषध तयार करणाऱ्या जिवंत मानवी पेशी. त्याच महिन्याच्या अखेरीस व्हर्टेक्स या अमेरिकी कंपनीने आपली एक चाचणी गुंडाळत असल्याचे जाहीर केले. तिथेही कल्पना हीच होती. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी एका संरक्षक उपकरणात बंद करायच्या, ते उपकरण पहिल्या प्रकारच्या (टाइप १) मधुमेहाच्या रुग्णाच्या शरीरात बसवायचे आणि रोजच्या इंजेक्शनमधून त्याची सुटका करायची. एकाच महिन्यात एकाच तंत्रज्ञानाच्या वाट्याला यश आणि अपयश दोन्ही आले. असे का झाले, याचे उत्तर बरेचसे साध्या हिशेबात सापडते.

पेशी कुपीत बंद कशासाठी करायच्या?

टाइप १ मधुमेहात शरीराची स्वतःची प्रतिकार यंत्रणाच स्वादुपिंडातील बीटा पेशी नष्ट करते. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी याच. हा आजार बहुतेकदा लहानपणी किंवा तरुणपणी गाठतो आणि त्यानंतर बाहेरून इन्सुलिन घेण्याला पर्याय राहात नाही. टोरांटोत १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध लागला नसता, तर ही मुले वाचलीच नसती. मात्र इंजेक्शन म्हणजे अंदाजाचा खेळ असतो. किती खाणार, किती खेळणार, ताप आहे का, या सगळ्याचा विचार करून मात्रा ठरवायची. निरोगी स्वादुपिंड हे काम मिनिटामिनिटाला, कुणाला न सांगता करत असते. मात्रा कमी पडली तर साखर चढते, जास्त झाली तर उतरते. आणि रात्री झोपेत उतरली तर जिवावर बेतू शकते. अशा मुलांचे आईवडील रात्री दोन-तीनदा गजर लावून उठतात ते याच भीतीने.

मग नष्ट झालेल्या पेशीच परत का देऊ नयेत? ते करून झाले आहे. कॅनडातील एडमंटन येथे जेम्स शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत दात्यांच्या स्वादुपिंडातून आयलेट, म्हणजे बीटा पेशी ज्यात असतात ते सूक्ष्म पुंजके, वेगळे काढून सात रुग्णांच्या यकृतात सोडले. सातही जणांचे इन्सुलिन बंद झाले. हा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला आणि ‘एडमंटन प्रोटोकॉल’ हे नाव जगभर पोहोचले. अडचणी मात्र दोन होत्या. एकेका रुग्णाला बहुधा दोन किंवा अधिक दात्यांचे आयलेट लागत होते आणि दाते मुळातच कमी. दुसरी अडचण अधिक गंभीर. परक्या पेशी टिकाव्यात म्हणून रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात, तीही आयुष्यभर. त्यातून संसर्ग, मूत्रपिंडाला इजा आणि काही कर्करोगांचा धोका वाढतो. आठ वर्षांच्या मुलाचे इन्सुलिन सोडवण्यासाठी त्याला ही औषधे सुरू करायला कोणताही डॉक्टर सहजी तयार होणार नाही.

कुपीची कल्पना या सौद्यातून वाट काढण्यासाठी आली. पेशींभोवती अशी भिंत घालायची, की जिची छिद्रे चाळणीसारखी काम करतील. इथे रेणूंच्या आकारातला फरक उपयोगी पडतो. ऑक्सिजनचा रेणू ३२ डाल्टनचा, ग्लुकोजचा १८०, इन्सुलिनचा सुमारे ५,८०० आणि शरीरातील सर्वसाधारण अँटिबॉडी मात्र दीड लाख डाल्टनच्या घरात. प्रतिकार यंत्रणेच्या मारेकरी पेशी तर याहून प्रचंड मोठ्या. छिद्र मधल्या मापाचे ठेवले, की साखर आणि ऑक्सिजन आत येईल, इन्सुलिन बाहेर जाईल आणि हल्लेखोर दाराबाहेर थांबतील. कागदावर याहून सुबक कल्पना सापडणे कठीण.

ही कल्पना किती जुनी?

बरीच. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात थॉमस चँग यांनी १९५७ मध्ये, विद्यार्थीदशेतच, पातळ पडद्याच्या ‘कृत्रिम पेशी’ बनवल्या. १९८० मध्ये फ्रँकलिन लिम आणि अँथनी सन यांनी आयलेट अल्जिनेटच्या गोळ्यांत बंद करून मधुमेही उंदरांत सोडले. एकदा सोडलेल्या गोळ्यांनी उंदरांचा मधुमेह दोन ते तीन आठवडे आटोक्यात ठेवला. ‘सायन्स’ नियतकालिकातील तो शोधनिबंध या क्षेत्राचा पाया मानला जातो.

अल्जिनेट हा तपकिरी समुद्री शेवाळातून मिळणारा पदार्थ. दंतवैद्य दातांचा ठसा घेताना तोंडात जो मऊ लगदा भरतात, त्यात हाच असतो. सोडियम अल्जिनेटच्या द्रावणाचा थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडला की क्षणात त्याची जेलीसारखी गोळी होते. ना उष्णता लागते, ना कडक रसायने; त्यामुळे थेंबात मिसळलेल्या पेशी जिवंत राहतात. सुरुवातीच्या या गोळ्या खसखशीच्या दाण्याएवढ्या, सुमारे अर्ध्या मिलिमीटरच्या असत.

माणसावरचा पहिला गाजलेला प्रयोग १९९३ चा. लॉस एंजेलिसमध्ये पॅट्रिक सून-शियाँग यांनी एका रुग्णाच्या पोटाच्या पोकळीत असे आयलेट सोडले आणि त्याचे इन्सुलिन काही महिने बंद राहिले. मात्र या रुग्णावर आधीच मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले होते, त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे त्याला सुरूच होती. म्हणजे नेमकी ज्या भिंतीची परीक्षा घ्यायची, तिला औषधांचा टेकू होता. न्यूझीलंडमध्ये १९९६ साली एका रुग्णाला डुकराचे आयलेट अल्जिनेटच्या कुप्यांतून दिले गेले, तेही अशा औषधांशिवाय. त्याची इन्सुलिनची गरज सुमारे ३० टक्क्यांनी घटली, पण वर्ष सरेपर्यंत पूर्वपदावर आली. गंमत अशी, की साडेनऊ वर्षांनी कुप्या बाहेर काढून तपासल्या तेव्हा त्यात काही पेशी जिवंत सापडल्या. जगल्या, पण पुरेसे काम करू शकल्या नाहीत. पुढच्या तीन दशकांची कहाणी या एका रुग्णात आधीच दिसली होती.

शरीर कुपीचे काय करते?

बोटात कुसळ गेले आणि तसेच राहिले, तर त्याभोवती शरीर एक घट्ट गाठ बनवते. कुपीच्या बाबतीतही तेच होते. कुपीच्या आत परक्या पेशी आहेत हे प्रतिकार यंत्रणेला कळत नाही, हे खरे. पण कुपी स्वतःच परकी आहे हे तिला लगेच कळते. मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी कुपीला चिकटतात, ती गिळता येत नाही म्हणून आजूबाजूच्या पेशींना बोलावतात आणि काही आठवड्यांत कोलॅजनचे जाड आवरण तिच्याभोवती तयार होते. चाळणीची छिद्रे कितीही अचूक असोत, बाहेरून लिंपून टाकल्यावर त्यांचा उपयोग राहात नाही. आतल्या पेशी उपाशी मरतात.

या आवरणावर मात करण्यासाठी सर्वात चिकाटीचे काम अमेरिकेच्या एमआयटीत रॉबर्ट लँगर आणि डॅनियल अँडरसन यांच्या गटाने केले. त्यांनी अल्जिनेटच्या रेणूत बारीकसारीक बदल करून त्याचे ७७४ प्रकार तयार केले आणि कोणत्या प्रकाराभोवती व्रणऊती कमी वाढते ते प्राण्यांत तपासले. त्यातल्या एका प्रकाराच्या गोळ्यांत मूलपेशींपासून बनवलेल्या मानवी बीटा पेशी ठेवल्या, तेव्हा मधुमेही उंदरांची साखर १७४ दिवस नियंत्रणात राहिली. हे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी, २०१५ मध्ये, याच गटाने एक अनपेक्षित गोष्ट दाखवली होती. खसखशीएवढ्या गोळ्यांपेक्षा मोहरीएवढ्या, म्हणजे दीड मिलिमीटर व्यासाच्या गोळ्यांना शरीर कमी त्रास देते. छोट्या गोळ्यांतले आयलेट महिनाभरात निकामी होत होते, मोठ्या गोळ्यांतले सहा महिने चालले.

इथे अभियांत्रिकीतला जुनाच पेच आडवा येतो. गोळी मोठी केली की व्रण कमी, पण मध्यभागी बसलेल्या पेशीपर्यंत ऑक्सिजन पोहोचायला अंतर जास्त. रक्तवाहिनीपासून १०० ते २०० मायक्रोमीटरच्या पलीकडे, म्हणजे दोन-तीन केसांच्या जाडीच्या पुढे, ऊतीतील पेशींना नुसत्या झिरपणाऱ्या ऑक्सिजनवर तग धरणे अवघड जाते. त्यातही बीटा पेशी फार खादाड. आयलेटचे वजन स्वादुपिंडाच्या जेमतेम एक-दोन टक्के असते, पण स्वादुपिंडाला मिळणाऱ्या रक्तातला दहा ते पंधरा टक्के वाटा ते घेतात. निरोगी शरीरात प्रत्येक पुंजक्यात केशवाहिन्यांचे जाळे शिरलेले असते. कुपीत रक्तवाहिनी शिरू शकत नाही. शिरू दिली, तर तिच्यासोबत हल्लेखोरही शिरतील.

म्हणजे जी भिंत पेशीला वाचवते तीच तिला गुदमरवते. छिद्रांच्या मापाची चर्चा वर्षानुवर्षे झाली, पण खरा अडसर श्वासाचा होता आणि या क्षेत्राने तो मान्य करायला उशीर केला, असे मागे वळून पाहता म्हणावे लागते.

बीटा-ओटू या इस्रायली कंपनीने त्यावर सरळसोट उपाय केला. उपकरणातच ऑक्सिजनची टाकी बसवली आणि त्वचेखालच्या झडपेतून ती रोज भरायची. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे एका रुग्णात हे उपकरण दहा महिने राहिले, आतले आयलेट जगलेही. मात्र इन्सुलिनच्या सुईतून सुटका व्हावी म्हणून शरीरात यंत्र बसवायचे आणि मग रोज ऑक्सिजनसाठी सुई टोचायची, हे रुग्णाला पटवणे कठीण. अँडरसन यांच्या गटाने २०२३ मध्ये यापुढचे पाऊल टाकले. शरीरातच असलेल्या पाण्याच्या वाफेचे विघटन करून ऑक्सिजन बनवणारे, बाहेरून बिनतारी वीज घेणारे छोटे उपकरण त्यांनी उंदरांत बसवले. महिनाभर साखर काबूत राहिली. उंदरांत, हे लक्षात ठेवलेले बरे. या क्षेत्रात उंदरांचा मधुमेह आजवर अनेकदा बरा झाला आहे.

हिमोफिलियाच्या रुग्णांना हा फरक प्रत्यक्ष भोगावा लागला. एमआयटीतील याच संशोधनातून उभ्या राहिलेल्या सिजिलॉन कंपनीने रक्त गोठवणारा ‘फॅक्टर ८’ बनवणाऱ्या पेशी गोळ्यांत भरून काही रुग्णांच्या पोटात सोडल्या होत्या. २०२१ मध्ये एका रुग्णाच्या शरीरात त्या फॅक्टरविरोधात अँटिबॉडी तयार झाल्याने चाचणी थांबली. गोळ्या बाहेर काढून पाहिल्या तर त्यांच्याभोवती व्रणऊतीचे आवरण होते. प्राण्यांत उत्तीर्ण झालेला पदार्थ माणसात नापास झाला. सिजिलॉन पुढे एली लिली या कंपनीने विकत घेतली.

मग डोळ्यात कसे जमले?

न्यूरोटेक या कंपनीच्या ‘एन्सेल्टो’ या कुपीला मान्यता मिळाली ती मॅक्युलर टेलँजिएक्टेशिया टाइप २, थोडक्यात ‘मॅकटेल’, या दुर्मीळ आजारासाठी. यात दृष्टिपटलाच्या मध्यभागातील प्रकाशग्राही पेशी हळूहळू झिजतात. समोरचा माणूस दिसतो, पण वाचताना ओळीतली अक्षरे गायब होतात. साधारण चाळिशी-पन्नाशीत लक्षात येणाऱ्या या आजारावर आतापर्यंत मान्यताप्राप्त उपचार नव्हता. सीएनटीएफ नावाचे प्रथिन या पेशींची झीज मंदावते. मात्र ते शरीरात काही मिनिटांतच निष्प्रभ होते, त्यामुळे इंजेक्शनने देण्यात अर्थ नाही. म्हणून दृष्टिपटलामागील रंगद्रव्याच्या थरातील मानवी पेशींत जनुकीय बदल करून त्यांना हे प्रथिन बनवायला लावले, त्या कुपीत भरल्या आणि कुपी डोळ्याच्या आतील जेलीसारख्या भागात टाक्याने अडकवली.

आता तो साधा हिशेब. एन्सेल्टोच्या कुपीत दोन लाख ते ४ लाख ४० हजार पेशी असतात आणि त्यांच्याकडून प्रथिन हवे ते नॅनोग्रॅमच्या मापात. प्रौढ मधुमेही रुग्णाला दिवसाला ४० युनिट इन्सुलिन लागते असे धरले, तर ते सुमारे १.४ मिलिग्रॅम, म्हणजे १४ लाख नॅनोग्रॅम होते. त्यासाठी मूलपेशींपासून बनवलेल्या पेशी द्यायच्या त्या तब्बल ८० कोटी. डोळ्यातल्या कुपीच्या जवळपास दोन हजार पट. शिवाय सीएनटीएफ संथपणे पाझरत राहिले तरी चालते. इन्सुलिनला जेवणाच्या पहिल्या घासापासून साखरेच्या मागे धावावे लागते. भिंतीत अर्ध्या तासाचा उशीर झाला तरी गणित बिघडते. त्यात डोळ्याची आतली पोकळी ही शरीरातील अशा मोजक्या जागांपैकी एक, जिथे प्रतिकार यंत्रणा मुळातच हात राखून वागते. म्हणजे काम हलके, पेशी थोड्या आणि शेजार शांत.

तरीही एन्सेल्टोचे यश मोजूनमापूनच घ्यायला हवे. दोन चाचण्यांत २४ महिन्यांनंतर प्रकाशग्राही थराची झीज एका चाचणीत सुमारे ५५ टक्क्यांनी, तर दुसरीत सुमारे ३१ टक्क्यांनी मंदावली. गेलेली दृष्टी परत आली नाही, तो दावाही नाही. काही रुग्णांना अंधारात गेल्यावर नजर सरावायला जास्त वेळ लागू लागला. याच तंत्राची कुपी रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक आजारात आधी वापरून पाहिली होती, तिथे दृष्टीला लाभ दिसला नव्हता. पण दोन वर्षांनी बाहेर काढलेल्या कुप्यांतही पेशी जिवंत होत्या आणि प्रथिन बनवत होत्या, हे तेव्हाच कळले. मॅकटेलचे यश त्या अपयशावर उभे आहे.

व्हर्टेक्सच्या दोन चाचण्या काय सांगतात?

हार्वर्डचे शास्त्रज्ञ डग मेल्टन यांच्या मुलाला, सॅमला, सहा महिन्यांचा असताना टाइप १ मधुमेह झाला. पुढे मुलगी एमालाही झाला. मेल्टन यांनी आपले संशोधन सोडून मूलपेशींपासून बीटा पेशी बनवण्याचा ध्यास घेतला. त्यासाठी काढलेल्या कंपनीचे नाव दोन्ही मुलांच्या नावांतून आले : सेमा. व्हर्टेक्सने २०१९ मध्ये ती ९५ कोटी डॉलरना घेतली आणि दोन वाटांनी चाचण्या केल्या. पेशी त्याच. एका चाचणीत त्या कुपीशिवाय थेट यकृताच्या रक्तवाहिनीत सोडल्या आणि रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली. दुसरीत त्या उपकरणात बंद केल्या आणि औषधे टाळली.

पहिल्या चाचणीचे निष्कर्ष जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ पैकी १० रुग्णांना वर्षभरानंतर इन्सुलिनची गरज उरली नव्हती. दुसऱ्या चाचणीत सुरक्षिततेची अडचण आली नाही, पण सी-पेप्टाइडची पातळी उपयोगी पडेल एवढी वाढलीच नाही. शरीर स्वतः इन्सुलिन बनवते तेव्हा त्याच्या बरोबरीने सी-पेप्टाइड तयार होते. इंजेक्शनमधील इन्सुलिनमध्ये ते नसते. म्हणून पेशी काम करतात की नाही याचा तो सर्वात भरवशाचा पुरावा. तो मिळाला नाही आणि मार्चमध्ये चाचणी थांबली.

पेशींमध्ये दोष नव्हता, हे यातून स्पष्ट झाले. मात्र ‘मग भिंत सोडून द्या’ असे म्हणणाऱ्यांनी पहिल्या चाचणीतील आणखी एक आकडाही वाचायला हवा. त्या चाचणीत दोन रुग्णांचा मृत्यू झाला. एकाला आधीपासून असलेला मेंदूचा विकार बळावला होता. दुसऱ्याचा मृत्यू बुरशीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराने झाला आणि प्रतिकारशक्ती दाबलेली असताना नेमका याच प्रकारच्या संसर्गाचा धोका असतो.

भिंतीऐवजी वेषांतर?

तिसरी वाट स्वीडनमध्ये उघडली. अमेरिकेतील सना बायोटेक्नॉलॉजी या कंपनीने दात्याच्या आयलेटमधील, पेशीची ओळख पटवणारी चिन्हे जनुकीय बदलाने काढून टाकली आणि भक्षक पेशींना ‘मला खाऊ नका’ असा इशारा देणारे सीडी-४७ हे प्रथिन वाढवले. उप्सालातील रुग्णालयात एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत या पेशी टोचल्या गेल्या. कुपी नाही, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधेही नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार १२ आठवड्यांनंतरही पेशी जिवंत होत्या आणि इन्सुलिन बनवत होत्या. मात्रा मुद्दामच अल्प ठेवल्याने रुग्णाचे इंजेक्शन सुटलेले नाही. शिवाय रुग्ण एकच.

इथे कुपीची एक जमेची बाजू पुन्हा आठवते. प्रतिकार यंत्रणेला न दिसणारी पेशी उद्या बिघडली, कर्करोगाच्या वाटेने गेली, तर तिला पकडणार कोण? कुपी शस्त्रक्रियेने बाहेर काढता येते. स्नायूत मिसळलेल्या लाखो पेशी वेचून काढता येत नाहीत. त्यामुळे वेषांतर केलेल्या पेशी विरळ भिंतीच्या कुपीत ठेवण्यासारखे मधले मार्गही पुढे येऊ शकतात. दरम्यान, काही गटांनी कमी काळ टिकणारी कुपीच उपयोगी ठरेल असे आजार निवडले. टेक्सासमधील राइस विद्यापीठाचे ओमिद वेसेह कर्करोगाच्या गाठीजवळ इंटरल्युकिन-२ पाझरवणाऱ्या पेशींच्या गोळ्यांवर काम करतात. तिथे औषध काही आठवडे मिळाले तरी पुरते. व्रणऊती येऊन कुपी बंद पडली, तर तेच तिचे सुटीचे वेळापत्रक.

आपल्याकडे काय?

या विषयाला महाराष्ट्रात जुना धागा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात रमेश भोंडे आणि सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास कायटोसानचे जेल आणि सेल्युलोजचे डायलिसिस पडदे आयलेटसाठी कितपत चालतील, याचा अभ्यास केला होता. आयआयटी मुंबईत जयेश बेल्लारे यांच्या गटाने डायलिसिसमध्ये असतात तशा पोकळ तंतूंच्या पडद्यांत आयलेट ठेवण्याचे उपकरण विकसित करून २०१७ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. हे काम प्रयोगशाळेच्या आणि प्राण्यांच्या टप्प्यावरचे होते.

‘स्टेम सेलने मधुमेह कायमचा बरा’ अशा जाहिराती मात्र शहरोशहरी दिसतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांसारख्या मान्य कारणांसाठी केलेले रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता, मूलपेशींचा कोणताही वापर परवानगी असलेल्या चाचणीबाहेर करता येत नाही. मधुमेह त्या मान्य यादीत नाही. भारतात कोणत्याही वैद्यकीय चाचणीची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामध्ये करणे २००९ पासून बंधनकारक आहे आणि ही नोंद कुणालाही संकेतस्थळावर मोफत पाहता येते. त्यामुळे मुलाच्या उपचारासाठी कुणी पेशींचे पॅकेज सुचवले, तर पालकांनी आधी चाचणीचा नोंदणी क्रमांक मागावा आणि तो पडताळून पाहावा. क्रमांक मिळाला तरी इन्सुलिन स्वतःहून बंद करू नये. व्हर्टेक्सच्या चाचणीतल्या रुग्णांचे इन्सुलिनही डॉक्टरांनी सी-पेप्टाइड आणि साखर मोजत टप्प्याटप्प्यानेच कमी केले होते.